पावसाळा लागला की नोड झोपत नाही, किंवा उठतच नाही: वेक-अप रिसीव्हरच्या नेहमीच्या दुखण्यांची तपासणी

लक्षणे

विहिरीच्या कठड्यावर बसवलेला पाणीपातळीचा नोड, म्हणजे पातळी मोजून रेडिओने कळवणारे सेलवरचे छोटे यंत्र, दोन वर्षे चालेल अशा हिशेबाने नवा सेल घालून बंद केलेला असतो, आणि मृगाच्या सरी पडून गेल्यावर सहा-सात आठवड्यांतच तो सेल रिकामा होतो. हे सर्वांत जास्त वेळा आढळणारे लक्षण आहे.

दुसऱ्या प्रकारात गेटवेने, म्हणजे नोडांना रेडिओवरून हाक मारून त्यांची माहिती घेणाऱ्या मुख्य यंत्राने, कितीही वेळा हाक मारली तरी नोड ओ देत नाही. मात्र नोडवरचे बटण दाबून त्याला हाताने जागे केले, की तोच नोड त्याच जागेवरून गेटवेला व्यवस्थित माहिती पाठवतो. काही नोड रात्री आणि पहाटे हाकेला उत्तर देतात, पण दुपारी पत्र्याखाली तापल्यावर गप्प बसतात. काही नोड महिनोन्‌महिने शांत राहून हाक आल्यावर जागे होतात, परंतु माहिती पाठवायला लागताक्षणी बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आणि एक प्रकार असा, की शेजारच्या बागेतल्या पंपाला हाक गेली तरी आपला नोड जागा होतो.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या माडा-पोफळीच्या बागांत असे नोड बसवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करताना ही पाचही लक्षणे मी इतक्या वेळा पाहिली आहेत, की आता बोर्ड हातात येण्यापूर्वीच मी काही प्रश्न विचारून घेतो. बहुतेक वेळा चिप बिघडलेली नसते. खारी हवा, चुकीच्या जागी लावलेली अँटेना, जवळचा एखादा स्वस्त एलईडी दिवा किंवा सेलचा स्वभाव यांपैकी काहीतरी कारण निघते, आणि तरीही लोक सर्वप्रथम चिपच बदलतात.

रचना थोडक्यात

तपासणीचा क्रम समजण्यासाठी एवढे लक्षात असले पाहिजे, की वेक-अप रिसीव्हर हा मुख्य रेडिओच्या शेजारी बसवलेला, सतत कान उघडा ठेवणारा, पण अत्यंत कमी वीज घेणारा दुसरा छोटा रेडिओ असतो. मुख्य रेडिओ सतत ऐकत राहिला तर तो सुमारे १५ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे २४०० मिलिअँपिअर-तासांचा सेल १६० तासांत, आठवडाही पूर्ण न होता, संपतो. वेक-अप रिसीव्हर तेच ऐकण्याचे काम दोन-तीन मायक्रोअँपिअरमध्ये करतो.

आपल्याकडे जे बोर्ड जास्त दिसतात त्यांत गेटवे ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर १२५ किलोहर्ट्झच्या वेगाने चालू-बंद करून पाठवतो. नोडवर अँटेनामागे एक शॉट्की डायोड असतो. तो त्या लहरीतून १२५ किलोहर्ट्झचा संकेत वेगळा काढतो आणि एएस३९३३ जातीच्या चिपकडे देतो. चिप त्यातला १६ बिटांचा नमुना स्वतःजवळच्या नमुन्याशी ताडून पाहते आणि जुळल्यास मायक्रोकंट्रोलरला उठवते. अँटेना आणि डायोड यांच्यामध्ये प्रवर्धक नसतो, म्हणूनच वीज वाचते. पण त्यामुळेच हा कान मुख्य रेडिओच्या मानाने फारच मंद असतो. मुख्य रेडिओ उणे १०० डीबीएमच्याही खालचा संकेत ऐकतो (डीबीएम हे संकेताच्या शक्तीचे माप; उणे आकडा जितका मोठा, तितका संकेत क्षीण), तर डायोडवाल्या वेक-अप रिसीव्हरला साधारण उणे ५० डीबीएमच्या आसपासचा संकेत लागतो. म्हणून ‘रेंज तपासली, माहिती छान येते’ या वाक्याला या यंत्राच्या बाबतीत काही अर्थ नाही. माहिती येते ती मुख्य रेडिओवरून, हाक मात्र दुसऱ्याच कानाने ऐकली जाते.

आधी नोंदवही पाहावी

या तपासणीला पैसा लागत नाही आणि पेचकसही लागत नाही. गेल्या २४ तासांत गेटवेने किती हाका मारल्या आणि नोड किती वेळा जागा झाला, हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. नोडच्या सॉफ्टवेअरमध्ये जागे होण्याची मोजणी ठेवलेली नसेल तर ती आजच घालावी, कारण तिच्यावाचून पुढचे सगळे अंदाजच ठरतात. एएस३९३३ मध्ये ‘खोटी जाग’, म्हणजे हाक नसताना जागे होणे, नोंदवणारे रजिस्टरही असते, तेही वाचून पाठवावे.

जागे होण्याचा आकडा हाकांच्या कितीतरी पट असेल, तर नोड खोट्या जागेने थकतो आहे. समजा, प्रत्येक वेळी जागा झाल्यावर तो अर्धा सेकंद २० मिलिअँपिअर घेतो. दर मिनिटाला एक खोटी जाग आली तर दिवसाला ४ मिलिअँपिअर-तास जातात आणि सेल तरीही दीड वर्षाच्या वर टिकतो. पण दर पाच सेकंदांना एक जाग आली तर दिवसाला ४८ मिलिअँपिअर-तास जाऊन तोच सेल ५० दिवसांत संपतो. सहा-सात आठवड्यांचे जे लक्षण वर लिहिले आहे त्याचा हिशेब बऱ्याचदा असा लागतो. आकडा हाकांपेक्षा कमी असेल तर नोड बहिरा आहे. आणि दोन्ही आकडे जुळत असूनही सेल लवकर संपत असेल, तर वीज झोपेतच कुठेतरी गळते आहे. या तिन्ही वाटा वेगळ्या आहेत आणि आपली वाट कोणती हे ठरल्याशिवाय खोका उघडू नये.

अँटेना, अंतर आणि पाने

बहिऱ्या नोडसाठी प्रथम मोजपट्टी घ्यावी. ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३४.६ सेंटिमीटर, म्हणून पाव लहरीची साधी तार साडेआठ सेंटिमीटरच्या जवळपास असते. तुमची तार सतरा सेंटिमीटर भरली तर ती ४३३ मेगाहर्ट्झची आहे. दुकानातून येताना अशी अदलाबदल होते आणि मुख्य रेडिओ तिच्यावरही कसाबसा चालून जातो, त्यामुळे ती लवकर लक्षात येत नाही.

त्यानंतर अंतर. गेटवे १४ डीबीएम शक्तीने पाठवत असेल, तर मोकळ्या जागेत ४० मीटरवर सुमारे उणे ४९ आणि १०० मीटरवर सुमारे उणे ५७ डीबीएम संकेत उरतो. अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे अगदी मोकळ्या सड्यावरसुद्धा १०० मीटरवर या कानाची मर्यादा संपलेली असते. आपल्या बागा सड्यावर नसतात; घर वरच्या अंगाला, विहीर खाली व्हाळाजवळ, मध्ये चिऱ्याचा गडगा आणि कलमांची ओली पाने, अशी मांडणी असते. भिजलेली पाने आणि ओला जांभा दोन्ही लहर शोषतात. एप्रिलमध्ये नोड बसवून, सगळे चालते हे पाहून मालक निर्धास्त होतो आणि जूनमध्ये तोच नोड बहिरा ठरतो, त्याचे कारण बहुधा हेच. अँटेना कठड्याच्या वर हातभर उचलावी, चिऱ्याला चिकटवून ठेवू नये, आणि तरीही भागत नसेल तर मध्ये मांगरावर (बागेतल्या खोपीवर) एक दुसरा गेटवे बसवावा. अँटेनाच्या जोडणीचा पितळी भाग हिरवा पडला असेल तर ती जोडणी बदलावी; घासून चकचकीत केलेली जोडणी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हिरवी होते. नव्या जोडणीवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी.

सेल

लिथियम थायोनिल क्लोराइडच्या ३.६ व्होल्टच्या सेलवर नुसता मल्टिमीटर लावून काहीही कळत नाही, कारण तो जवळजवळ पूर्ण रिकामा होईपर्यंत ३.६ व्होल्टच दाखवतो. त्याला १५० ओहमचा रोध जोडून, म्हणजे सुमारे २४ मिलिअँपिअरचा भार देऊन, व्होल्टेज पाहावे. भार देताच ते ३ व्होल्टच्या खाली गेले आणि थोड्या वेळात पुन्हा वर चढून स्थिर झाले, तर सेल संपलेला नाही. दीर्घकाळ अगदी कमी प्रवाह देत राहिलेल्या या सेलच्या आत लिथियमवर एक थर धरतो आणि उष्णतेत तो अधिक जाड होतो. पहिल्या मोठ्या मागणीला तो थर आड येतो. जागा होऊन पाठवायला लागताच बंद पडणाऱ्या नोडचे कारण हेच असते. गंमत अशी की वेक-अप रिसीव्हर जितका चांगला चालेल, नोड जितका शांत झोपेल, तितका हा त्रास वाढतो. उपाय म्हणून सेलला समांतर एक मोठा कपॅसिटर जोडतात, पण त्याची स्वतःची गळती किती मायक्रोअँपिअर आहे आणि तो किती व्होल्ट सहन करतो, हे माहितीपत्रकात पाहूनच निवडावा. नाहीतर कपॅसिटरच रिसीव्हरपेक्षा जास्त वीज पितो. दर काही तासांनी नोडने स्वतःहून एखादा छोटा संदेश पाठवण्याची सोय ठेवली तरी थर फार जाड होत नाही.

भार देऊनही व्होल्टेज वर येत नसेल तर सेल बदलावा. हा सेल कधीही चार्जरला लावू नये, त्याच्या टोकांवर थेट डाग (सोल्डर) देऊ नये, आणि तो फुगलेला, गरम किंवा उग्र वासाचा वाटला तर तिथेच थांबावे. त्यातले द्रव्य विषारी आणि दाहक असते; असा सेल घरी उघडून पाहण्याची वस्तू नाही.

खोटी जाग आणणारे शेजारी

१२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात वावरणारी उपकरणे घरात पुष्कळ असतात. एलईडी दिव्यांमधले ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, सौर पॅनेलचे चार्ज कंट्रोलर, इन्व्हर्टर यांतले स्विचिंग दहा-वीस किलोहर्ट्झपासून काहीशे किलोहर्ट्झपर्यंत कुठेही असू शकते, आणि चिपकडे जाणारी तार लांब असली की तीच त्या गोंगाटासाठी अँटेना बनते. तपासणी सोपी आहे: एकेक उपकरण दहा-दहा मिनिटे बंद ठेवावे आणि जागे होण्याची मोजणी पाहावी. एका ठिकाणी पंपघराबाहेरचा दिवा संध्याकाळी लागला, की नोड रात्रभर जागा राहत असे. तो दिवा बदलला आणि दुखणे गेले. दिव्याची किंमत नव्या सेलपेक्षाही कमी होती.

गोंगाट घालवता येत नसेल तर चिपमधली नमुना ताडण्याची सोय खरोखर चालू आहे का ते पाहावे. ती बंद असेल तर चिप केवळ १२५ किलोहर्ट्झची चाहूल लागताच उठते, मग ती चाहूल गेटवेची असो की दिव्याची. नमुना चालू असूनही शेजारच्या हाकेने नोड उठत असेल, तर दोघांनीही कारखान्यातून आलेला मूळ नमुनाच ठेवलेला असतो. वाटणी होऊन मध्ये गडगा पडलेल्या दोन भावांच्या बागांत मी हे पाहिले आहे. दोघांनी एकाच वेळी तेच यंत्र घेतले होते आणि दोघांचेही सेल एकमेकांच्या पंपांमुळे संपत होते. प्रत्येक नोडला वेगळा नमुना द्यावा, आणि त्यात एक व शून्य यांची सरमिसळ ठेवावी.

झोपेतला प्रवाह मोजणे

इथून पुढे खोका उघडावा लागतो. स्वस्त मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या पट्टीवर लावून नोड सुरू करू नये, कारण त्या पट्टीचा अंतर्गत रोध मोठा असतो. नोड जागा होताच व्होल्टेज पडून तो पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो. त्याऐवजी सेलच्या वाटेत १००० ओहमचा रोध घालावा आणि त्याच्या दोन टोकांना एका तारेने जोडून ठेवावे. नोड सुरू होऊन झोपला की ती तार काढावी आणि रोधावरचे मिलिव्होल्ट वाचावेत: जितके मिलिव्होल्ट तितके मायक्रोअँपिअर.

पाचच्या आसपास आकडा आला तर ठीक. साडेतीनशेच्या जवळ आला, तर १० किलोओहमच्या एखाद्या पुल-अपची (पिनचे व्होल्टेज वर धरून ठेवणाऱ्या रोधाची) पिन झोपताना शून्यावर राहून गेली आहे. हा दोष सॉफ्टवेअरचा, आणि एवढ्या गळतीने सेल नऊ महिने जातो. सुरुवातीची तार काढताच नोड मरत असेल तर गळती मिलिअँपिअरमध्ये आहे, आणि तेव्हा बोर्डावर एएमएस१११७ जातीचा रेग्युलेटर बसवलेला आहे का ते पाहावे. तो स्वतःसाठीच सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे सेल वीस दिवसांत संपतो, मग पुढे कितीही उत्तम रिसीव्हर असो.

आकडा दहा, वीस, चाळीस असा डळमळत असेल आणि बोर्डावर तोंडाने हळूच फुंकर घातली की वाढत असेल, तर मात्र ते आपले कोकणी दुखणे आहे.

खारटपणा

बोर्डावर मिठाचा आणि ओलाव्याचा पातळ थर बसून तांब्याच्या दोन वाटांमध्ये १ मेगाओहमचा रोध तयार झाला, तरी त्यातून ३.६ मायक्रोअँपिअर वाहतात. इतर कोणत्याही यंत्रात ही गळती कुणाच्या लक्षातही येणार नाही. इथे ती एकूण खर्च जवळजवळ दुप्पट करते. शिवाय ३२.७६८ किलोहर्ट्झच्या स्फटिकाच्या पायांमध्ये असा थर बसला तर स्फटिक डोलायचाच थांबतो, चिपचे घड्याळ बंद पडते आणि नोड बहिरा होतो. म्हणजे एकाच थराने दोन वेगळी लक्षणे दिसतात.

पुष्कळ जण आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसतात आणि दोन आठवड्यांनी तक्रार पुन्हा येते. मीठ अल्कोहोलमध्ये फारसे विरघळत नाही, ते नुसते इकडचे तिकडे पसरते. सेल काढून, बोर्ड प्रथम डिस्टिल्ड वॉटरने मऊ ब्रशने धुवावा, मग पाणी हटवण्यासाठी अल्कोहोलने धुवावा, आणि तांदळाच्या डब्यात वगैरे न ठेवता कोमट, कोरड्या हवेत पूर्ण वाळवावा. विहिरीचे किंवा नळाचे पाणी वापरू नये, त्यातही क्षार असतात.

ओलावा आत येतो कसा, हेही पाहिले पाहिजे. उन्हात तापलेल्या खोक्यावर अचानक सर कोसळली की आतली हवा आकसते आणि केबल आत येते त्या तोंडाशी बसवलेल्या ग्लँडमधून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. रोज हेच घडत राहिले तर घट्ट बंद केलेल्या खोक्यातही महिन्याभरात पाणी साचते. खोक्याच्या तळाशी दाब समतोल करणारी पडद्याची झडप बसवावी, केबल खालच्या बाजूने आणि आधी एक झोळ देऊन आत घ्यावी, म्हणजे पाणी झोळावरूनच ठिबकेल. फटी बुजवायला सिलिकॉन वापरायचे असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारे वापरू नये. त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाते. बोर्डावर संरक्षक लेप द्यावा, पण डायोड आणि अँटेना यांच्यामधल्या जुळणीच्या भागावर तो देऊ नये, कारण लेपाने ती जुळणी सरकते आणि कान आणखी मंद होतो. लाल मुंग्या खोक्यात घर करतात, त्यांच्यासाठी झडपेवर बारीक जाळी पुरते.

दुपारचा बहिरेपणा आणि गेटवेची बाजू

चिप बाहेरचा स्फटिक न वापरता आतल्या आरसी ऑसिलेटरवर चालत असेल, तर तापमानाबरोबर तिच्या घड्याळाचा वेग सरकतो आणि नमुन्याचे बिट चुकीच्या क्षणी वाचले जातात. रात्री चालून दुपारी बंद पडणारा नोड बहुधा या प्रकारचा असतो. सॉफ्टवेअरमधून हा ऑसिलेटर जुळवून घेता येतो. तसे दर काही तासांनी करावे, आणि खोका पत्र्याखालून हलवून सावलीत न्यावा.

सगळेच नोड एकदम बहिरे झाले असतील तर नोडांना हात लावण्यापूर्वी गेटवेकडे वळावे. सीसी११०१ सारख्या रेडिओवर १२५ किलोहर्ट्झचा संकेत सेकंदाला २५० किलोबिटच्या वेगाने ‘एक’ आणि ‘शून्य’ आलटून-पालटून पाठवून बनवतात. नव्या सॉफ्टवेअरबरोबर तो वेग बदलला असेल, तर हाक निघते पण ती नोडांच्या भाषेत नसते. वारंवारिताही पाहावी: उदाहरणादाखल मिळणारे परदेशी प्रोग्रॅम बहुधा ८६८.३ मेगाहर्ट्झवर असतात आणि भारतात परवान्याविना वापरायचा पट्टा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा, पुढे ८६८ पर्यंत वाढवलेला आहे. दोन्ही बाजू एकाच आणि नियमात बसणाऱ्या आकड्यावर आणाव्यात.

कुठे थांबावे

एवढे सगळे करूनही एकच नोड बहिरा राहिला आणि त्याआधी मे किंवा ऑक्टोबरातली विजांची रात्र होऊन गेलेली असेल, तर डायोड गेल्याची शक्यता मोठी आहे. हे डायोड इतके नाजूक असतात की जवळ पडलेल्या विजेचा झटका त्यांना पुरतो. मल्टिमीटरने तपासताना चांगल्या बोर्डावरच्या डायोडशी तुलना करावी. उलट्या दिशेनेही तो थोडा प्रवाह जाऊ देतो, त्यामुळे एकट्याचा आकडा फसवतो. तांदळाच्या दाण्याहून लहान असा तो भाग बदलणे आणि नंतर जुळणी नेटवर्क अॅनालायझरवर पुन्हा बसवणे हे घरच्या डागकाडीचे काम नव्हे. असा बोर्ड रेडिओचे काम करणाऱ्या कार्यशाळेत द्यावा, किंवा दुरुस्ती नव्या बोर्डापेक्षा महाग पडत असेल तर सरळ बदलावा.

नोडचे आउटपुट पंपाच्या स्टार्टरला जोडलेले असेल, तर त्या पेटीचे झाकण आपण उघडू नये. तिथे २३० किंवा ४१५ व्होल्ट असतात, पायाखाली ओली जमीन असते आणि मुख्य स्विच बंद असल्याची खात्री बाहेरून होत नाही. रिले चिकटली आहे, पंप बंद होत नाही, पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात, यांपैकी काहीही आढळले तर परवानाधारक वायरमनला बोलवावे आणि तो येईपर्यंत नोडची दुरुस्ती बाजूला ठेवावी. विहिरीत उतरून संवेदक काढण्याचे कामही पावसाळ्यात कुणी एकट्याने करू नये. पाणी उतरेपर्यंत नोड बंद राहिला तरी चालतो, कारण त्या दिवसांत बागेला शिंपणे लागतच नाही.